नवा गुडघा आणि वन्सं

११ फेब्रुवारी

ठरलं. गुडघा बदलायचा! उजवा. डावाही कुरकुरतो, पण त्याचं पुढे बघू म्हणाले डॉक्टर. हाडांचे डॉक्टर म्हणजे उंच, वाळका, शब्द जपून वापरणारा माणूस. एक्स-रे उजेडाला धरला आणि बोट ठेवलं. "इथे गादी असते. तुमची संपली. हाडावर हाड घासतंय."

"कशाने?"

"काम काय करता?"

"केस कापते. उभ्याने. लग्न झालं तेव्हापासून."

त्यांनी नुसती मान हलवली. म्हणजे उत्तर मीच दिलं.

पार्लरमध्ये येऊन टकळीला सांगितलं. दुसरी खुर्ची तिची, पार्लर निम्मं तिचं. तिचं तोंड थांबलं तर कात्रीही थांबते, म्हणून टकळी. म्हणाली, "घाल बाई नवा! तुझा गुडघा ड्रायर चालू असतानाही ऐकू येतो."

हसले. पण मनात एकच — नंतर उभं राहता येईल ना? दिवसभर? बसून केस कापणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

१३ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. त्याला रजा मिळत नाही, इतक्या लांबून यायचं म्हणजे सोपं नाही. ते मला मान्यच होतं. पुढचं ऐका — "आई, आत्याशी बोललो. ती येते म्हणाली. दीड महिना राहील."

मला न विचारता!

त्याची आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. वन्सं. मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण शाळा काही सुटलेली नाही. लग्न केलं नाही, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. हे गेले तेव्हापासून आमचं येणं-जाणं म्हणजे वाढदिवसाचा फोन. तोही असा — "बरी आहेस ना? बरं. ठेवते."

म्हटलं, "अरे, एखादी बाई ठेवते की मी!"

"आत्या हो म्हणालीय. आता नको म्हणायचं तर तूच सांग तिला."

मी! वन्संना! वाघाला गवत खा म्हणून सांगणं सोपं.

२० फेब्रुवारी

आज दातांकडे. गुडघ्यासाठी दात! तोंडात कुठे पू असला तर तो रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतो म्हणे. एक दाढ भरून घेतली. मग रक्त, छातीचा आलेख, लघवी. मांडीचे व्यायामही आत्तापासूनच. पलंगावर पाय ताणून गुडघा खाली दाबायचा आणि तसाच धरून ठेवायचा. दिसायला काहीच नाही, घाम मात्र फुटतो.

१ मार्च

वन्सं आल्या. हातात एक बॅग. "चहा नंतर," म्हणाल्या आणि घरभर फिरल्या. दुपारपर्यंत — सतरंज्या गुंडाळून माळ्यावर ("पाय अडकेल"). दिव्याची वायर भिंतीला चिकटवली. प्लंबर बोलावून संडासात उंच बैठक. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातलं सगळं वर. आणि माझी बुटकी खुर्ची, खिडकीतली, जिच्यात बसून मी समोरच्या पार्लरवर नजर ठेवते, ती बाल्कनीत हद्दपार!

"यातून तू उठणार कशी?"

खरं आहे. पण खुर्ची माझी होती.

२ मार्च

वन्संनी माझी चहाची वेळ बदलली. मी नव्या वेळेला प्यायले.

४ मार्च

उद्या सकाळी. बॅग भरली. वन्संनी ती उपसून पुन्हा भरली.

७ मार्च

झालं! मी आहे. गुडघाही आहे, दुसराच.

कमरेत सुई टोचली आणि खालचं अंग कोणा दुसरीचंच झालं. मध्ये हिरवा पडदा. झोपेचं औषध दिलं होतं तरी अधूनमधून जाग येत होती. पडद्यापलीकडे करवत, मग हातोडी. ठक ठक ठक! मी विचारलं, "कपाट करताय का हो?" आणि तो वाळका माणूस चक्क हसला. बाहेर येऊन वन्संना सांगितलं म्हणे — "तुमच्या वहिनी भारी आहेत."

काल लगेच उभं केलं. व्यायाम करून घ्यायला येते ती पोरसवदा बाई आहे, पण आवाज हवालदाराचा. मी तिचं नाव हवालदारीण ठेवलं. "मावशी, डोळे मिटायचे नाहीत! समोर बघा! टेका पाय!" टेकला. आई गं! सगळे नातेवाईक आठवले, वारलेलेसुद्धा. घाम, मळमळ, वॉकरच्या दांड्या घट्ट धरलेल्या. पण उभी होते. माझ्याच पायांवर.

वन्सं पायथ्याशी. म्हणाल्या, "बरं." एवढंच.

१० मार्च

घरी. एकच मजला, पण जिना! हवालदारणीने शिकवलं तसं — चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी. वन्सं मागे, दोन्ही हात पसरून.

"पडलीस तर माझ्यावर पड."

"वन्सं, मग आणखी दोन गुडघे बदलावे लागतील."

हसल्या नाहीत. ही बाई कधी हसते का, हे यांना विचारायचं राहूनच गेलं.

१३ मार्च

भांडण. उशीवरून!

नव्या गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. पाय वाकलेलाच आखडतो. मला माहीत आहे. पण उशी घेतली की जो आराम वाटतो तो काय सांगू! वन्सं भांडी घासत होत्या, मी हळूच सरकवली. त्या आल्या, बघितलं आणि खस्सकन ओढली.

मग माझा तोल गेला. "शाळा सुटली वन्सं! मी तुमची विद्यार्थिनी नाही! माझं घर, माझी उशी, माझा पाय!"

त्या उशी हातात धरून उभ्या. वाटलं, आता खरी छडी बसणार. तर हळू आवाजात म्हणाल्या, "मग मी कुणाला सांगू? मला दुसरं कोण आहे सांगायला?"

आणि उशी टाचेखाली ठेवली. तिथे चालते. गुडघा आपोआप सरळ होतो. ओट्याशी परत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

मला कसंतरीच झालं.

१४ मार्च

चहा माझ्या जुन्या वेळेला आला. सोबत बर्फाची पिशवी, टॉवेलात गुंडाळलेली.

१७ मार्च

डोकं धुवायचं होतं. टाके भिजू द्यायचे नाहीत. वन्संनी खुर्ची बेसिनकडे पाठ करून लावली, मानेखाली टॉवेल. म्हटलं, एवढ्या वर्षांत हजारो डोकी धुतली मी, माझं कोणी धुतलं? आई गेल्यावर कोणीच नाही.

आणि वन्संनी सुरुवात केली — करपलेलं पातेलं घासावं तशी!

"वन्सं! नखांनी नाही. बोटांच्या पेरांनी. गोल गोल. कानामागे हळू."

हात थांबले. मग पेरं टेकली. "अशी?"

मुख्याध्यापिका मला विचारतेय — अशी? पाणी डोळ्यांत गेलं म्हणून बरं.

१९ मार्च

हवालदारीण घरी येऊन पाय वाकवते. गुडघा कोमट, सुजलेला, जांभळा-पिवळा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर, बोट लावलं तर दुसऱ्याच कोणाला लावल्यासारखं. चालताना आत टक-टक वाजतो. ती म्हणते, वाजू दे. मला कळ आली की वन्संनाही येते. त्या भिंतीला पाठ टेकून उभ्या असतात आणि दरवेळी माझ्याबरोबर दात आवळतात. आज पाहिलं मी.

२३ मार्च

दमले आहे, पण लिहिते.

सकाळी पोटरी भरून आली. दगडासारखी. रक्ताची गुठळी असू शकते, असं झालं तर लगेच या — हे दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं. मी म्हटलं, "दुपारपर्यंत बघू." वन्संनी ऐकून घेतलंच नाही. घरातल्या चपलेवरच खाली उतरल्या, टॅक्सी आणली.

दवाखान्याच्या बाकावर बसलो. मी बऱ्यापैकी शांत. दुखत होतं, पण रोजच दुखतं. शेजारी बघते तर वन्संच्या हाताने बाकाची कड घट्ट धरलेली. मी तो हात धरला. बर्फ!

"वन्सं, काही नसेल हो."

"तोही असाच म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा. 'काही नाही गं ताई, जा तू घरी.' मी गेले घरी. आणि..." मग म्हणाल्या, "एकदा झालं तेवढं पुरे. तू नाही जायचंस."

हे गेले तेव्हा मी माझंच रडत होते. त्यांचा भाऊ गेला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं का? आलं असेल. पण हात काही धरला नव्हता मी तेव्हा.

तपासणी झाली. पोटरीला थंडगार जेल लावून पडद्यावर बघितलं. गुठळी नाही! नुसती सूज. पाय उंच ठेवा, जा घरी.

टॅक्सीत बसलो आणि वन्संना काय झालं कोण जाणे, एकदम म्हणाल्या, "लहानपणी तो इंजेक्शन म्हटलं की कपाटात लपायचा. एकदा आतून कडी अडकली. सुतार बोलवावा लागला. आणि सुतारामागे उभे डॉक्टर, सुई हातात घेऊन!"

हे! माझ्यासमोर एवढा रुबाब करणारा माणूस! मी हसायला लागले, त्याही. टॅक्सीवाला आरशातून बघत राहिला. दोन म्हाताऱ्या, एकीच्या हातात काठी, एकीच्या पायात घरातल्या चपला, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतायत.

हसते. ही बाई हसते. हसताना दातांची एक बाजू यांच्यासारखीच दिसते.

२ एप्रिल

वॉकर गेला. काठी. वन्संनी बुटकी खुर्ची आत आणली. सुताराकडून खाली ठोकळे बसवून उंच करून! आता खिडकीत बसून पार्लर दिसतं. टकळी तिथून टॉवेल हलवते, मी इथून. वन्सं म्हणतात, "जहाजावर आहात का दोघी?" आणि मग स्वतःच फडकं हलवतात.

८ एप्रिल

दिवस कसे जातात कळत नाही. सकाळी व्यायाम, मग कोपऱ्यापर्यंत चालणं, येताना बेकरीतून पाव. वन्सं चालताना दुकानांच्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यांच्या. "ते बघा, मागून किती वाकडं कापलंय!" दोघींचंही मनोरंजन होतं. संध्याकाळी पत्ते. वन्सं हरल्या की पुन्हा पिसतात. जिंकल्या तरी पुन्हा पिसतात.

१४ एप्रिल

पार्लरमध्ये गेले!

टकळीने खुर्ची पुसून ठेवली होती. म्हणाली, "आज नुसती बस. गिऱ्हाईक मी घेते." तेवढ्यात वन्सं माझ्या खुर्चीत जाऊन बसल्या. आणि अंबाड्याच्या पिना काढायला लागल्या.

एवढ्या वर्षांत मी त्यांचे केस मोकळे पाहिले नव्हते. कमरेपर्यंत. पांढरे शुभ्र.

"काप."

"वन्सं, अहो, नुसती टोकं घेते..."

"टोकं कशाला? मान मोकळी कर. फार जड झालंय."

टकळी गप्प! पहिल्यांदा!

काठी भिंतीला टेकवली. दोन्ही पायांवर उभी राहिले. आधी मोठा झुपका, मग थर, मग मानेवरची कड. हात विसरलेला नव्हता. आणि गुडघा — मध्येच लक्षात आलं की गुडघ्याकडे लक्षच नाही! माझं लक्ष फक्त त्या मानेवर होतं. बारीक, गोरी, शाळकरी मुलीसारखी मान.

झाल्यावर त्यांना मागचा आरसा दाखवला. बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "बरं."

पण नंतर स्वयंपाकघरात पाहिलं. एकट्याच मान इकडे-तिकडे हलवत होत्या. केस उडतात का ते बघायला.

१८ एप्रिल

दीड महिना झाला. वन्सं गेल्या. मी म्हटलं, "राहा की अजून." त्या म्हणाल्या, "तुझं आता चालतंय सगळं." चालतंय. टॅक्सीत बसताना माझ्या गुडघ्याकडे बोट करून म्हणाल्या, "व्यायाम सोडू नकोस." टॅक्सी वळली.

सतरंज्या काढून घातल्या. मग पुन्हा गुंडाळून ठेवल्या.

२ मे

डॉक्टरांनी वाकवून बघितलं. "छान. रोज थोडा वेळ काम करा." एवढं मोठं वाक्य! घरी येऊन कुणाला तरी सांगायचं होतं. वन्संना फोन केला. "बरी आहेस ना? बरं." पुढचं 'ठेवते' काही आलं नाही. दोघीही नुसत्याच फोन धरून होतो.

१० मे

वन्संच्या घरी गेले. न कळवता. त्यांच्याकडे लिफ्ट नाही. चढले. कठडा धरून, पण पायामागून पाय.

दार उघडलं. "तू? जिने चढलीस?" पहिली नजर गुडघ्याकडे!

काय काय बोलायचं ते टकळीने माझ्याकडून घोकून घेतलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "अगं, चल ना घरी."

अगं! वन्संना!

ती दार उघडं टाकून आत वळली. चपला काढायला मी वाकले, तर दारामागे तिची बॅग. माझ्याकडून निघताना भरली होती तीच. अजून भरलेलीच होती.