तुझी तांबी आणि माझी रजा

बाळाच्या आईस,

बाळंत झाल्या झाल्या तू तांबी बसवून घेतलीस, हे फोनवर सांगितलंस आणि माझं डोकं फिरलं. "मी इथे परमुलखात, मग ही कोणासाठी?" असं बोलून गेलो. तू फोन ठेवलास, तो आजवर उचललेला नाहीस.

मी पडलो वायरमन. ओलाव्यात तांबं हिरवं पडतं, एवढीच माझी अक्कल. ते दुधात उतरेल या भीतीनं कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं. ती हसली.

"दुधाला काही होत नाही, भाऊ. वर्षानुवर्षं काम देते. सुरुवातीला कधी निसटते, म्हणून सहा आठवड्यांनी दाखवायला सांगा. घरी कधी जाताय?"

"पुढच्या महिन्यात जाणार होतो."

"मग तुमच्यासाठीच बसवली की तिनं."

माझी मान खाली गेली. फोन झाला त्याच दिवशी रागात मी रजेचा अर्ज मागे घेतला होता. ती रजा दुसऱ्याला मिळाली. आता वर्षभर नाही.

दाखवून ये, एवढा निरोप ताईकडे दिलाय. तू माझी वाट बघत होतीस, हे मला परक्या बाईकडून कळलं. मी येत नाही, हे मात्र मलाच सांगायला हवं. तेवढा धीर होईपर्यंत हे पत्र खिशातच राहील.

तुझाच,
फटकळ तोंडाचा