हम्पीला नेण्यासारखा कॅमेरा

बाबा, मला कॅमेरा घ्यायचा होता आणि महिनाभर काही ठरत नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही हम्पीला निघालोय: आई, हे, पोरगी आणि मी. हे म्हणाले, फोन आहे की. पण फोनमधले फोटो आम्ही परत कधी पाहतच नाही. म्हणून मिररलेस बघायला लागले. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा होता, बटण दाबलं की खटकन उडायचा. यात तो नसतोच, म्हणून आकार लहान आणि वजन कमी. आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर दोनच संच पुन्हा पुन्हा बघत बसायची. एक मोठा, दोन लेन्सचा, लांबचं शिखर जवळ आणणारा. दुसरा मुठीत मावणारा, एकच छोटी झूम लेन्स, बंद केली की आत सरकणारी. सकाळी एक पक्का व्हायचा, दुपारी दुसरा. आई म्हणाली, "सोयरीक जुळून राह्यली का कॅमेरा घेऊन राह्यली?"

मोठा संच बघितला की मला तुमची बॅग आठवायची. मी बारा वर्षांची आहे, आपण माहूरच्या गडावर आहोत. लग्नसराईत फोटो काढायला जैनथ भागातल्या गावागावांत हिंडणारी ती जड बॅग तुम्ही घरच्या सहलीलाही आणली आहे. तुम्ही लेन्स बदलताय, ढग सरकायची वाट बघताय. आई आणि मी उन्हात उभ्या. तहानेनं माझा जीव चाललाय. मी पाण्याच्या बाटलीकडे वळते आणि तुम्ही चारचौघांत ओरडता, "हालू नको! एवढी मोठी झाली, दोन मिनिटं उभं राहता येत नाई?" लोक हसतात.

घरी आल्यावर तुम्ही हातपाय धुवायला गेलात. रोल अजून कॅमेऱ्यातच होता, दोन-तीन फोटो उरले होते. मी अंगणात जाऊन मागचं झाकण उघडलं आणि ऊन आत जाऊ दिलं. मग लावून टाकलं. रोल धुतल्यावर सगळा काळा निघाला. तुम्हाला वाटलं, झाकणातून उजेड शिरतो. त्यानंतर प्रत्येक लग्नात नवा रोल घातला की तुम्ही झाकणाच्या कडेनं काळी पट्टी चिकटवायचात. रोल बदलताना ती सोलत बसायचात आणि मांडवातून कोणीतरी ओरडायचं, "फोटोवाले, अक्षता झाल्या ना!" त्या पट्टीचे तुकडे मी कापून द्यायची. घरच्यांचे फोटो मात्र तुम्ही पुन्हा काढले नाहीत.

मागच्या रविवारी मावसभावाकडून मोठा संच मागून आणला आणि सगळ्यांना घेऊन पैनगंगेवर गेले, बघावं म्हणून. लेन्स बदलताना टोपण वाळूत पडलं. ते पुसेपर्यंत उजेड गेला. आई म्हणाली, "झालं का वं? पाय भरून आले माहे." पोरगी कंटाळून बाजूला सरकली आणि मी तिच्यावर ओरडले, "हालू नको!" ती रडली नाही. होती तिथेच ताठ उभी राहिली. मी कॅमेरा बॅगेत भरला.

परतीला गाडीत आईच्या शेजारी बसून मी तिला त्या रोलचं सांगून टाकलं. आता तुम्हीही नाही; इतक्या वर्षांनी ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. मग म्हणाली, "मी रोज त्यायच्या मांगं लागली व्हती. तुमाले कॅमेरा सांभाळता येत नाई म्हणून. तो माणूस गुपचूप ऐकून घ्यायचा." माझ्याकडे वळून म्हणाली, "आता मले काऊन सांगतलं?"

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. हम्पीला येते, पण फोटोत उभी राहणार नाही, म्हणाली.

बुधवारी मी छोटाच घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दूर का नहीं आएगा इसमें." मी म्हटलं, दूर का नहीं चाहिए. जास्तीची एक बॅटरी, एक कार्ड, बस. पाण्याच्या बाटलीशेजारी पिशवीत बसतो. मागचा छोटा पडदा उलटा वळतो, म्हणजे मलाही त्यांच्यात उभं राहता येईल. पोरीनं पहिल्याच संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या आईचे नऊ फोटो काढले. आईनं हात वर करून तोंड झाकलं, पण शेवटच्यात नाही. काल तिनं विचारलं, "तिकडं थंडी रायते का? कोणती साडी घेऊ?"

हा कागद कॅमेऱ्याच्या खोक्यातच राहील, वॉरंटीच्या कागदाखाली. आणि बाबा, आईला मी खरं सांगितलं ते तुमच्यावरचा आळ जावा म्हणून, असं मी ह्यांना म्हणाले. तसं नव्हतं. मला एकटीला ते ओझं नको होतं.