पत्र्याखालची जाऊ

११ एप्रिल, शुक्रवार

काय वारा होता तो! दुपारी चारलाच अंधार, आणि मग अख्ख्या मलकपेठेची धूळ माझ्या स्वयंपाकघरात. कणिक भिजवून ठेवली होती — टाकून दिली. कुणा पुढाऱ्याचा फलक उडत येऊन आमच्या पाण्याच्या टाकीला चिकटला. अजून हात जोडून हसतोय मेला.

गच्चीवर माझ्या धाकट्या जावेच्या, त्रिवेणीच्या खोलीचे पत्रे धडाधड वाजत होते. हे छताकडं बघत बसले. मग म्हणाले, "तिला खाली बोलवायचं का?" मी म्हटलं, तिला तोंड हाय ना? यायचं तर विचारंल.

विचारणार नाही. माजोरी हाय.

१२ एप्रिल

विकासचा फोन. लेकाचं ऑफिस काचेचं, थंडगार. तिथं बसून मला शिकवतोय! "आई, वादळ आलं की मधल्या खोलीत बसा. खिडकीजवळ नको. मेन स्विच बंद कर. गच्चीवर तर अजिबात जायचं नाही." सगळं ऐकून घेतलं. शेवटी आलाच मुद्द्यावर — "आणि काकूला पत्र्याखाली ठेवू नको गं."

मी ठेवलं? मी? धाकटे भाऊजी गेले तेव्हा हिला माहेरच्यांनी दारात उभं केलं नाही. मीच म्हटलं होतं, वरची खोली घे, जेवायला खाली ये. तेव्हा कुठं होता हा शहाणा?

फोन ठेवून दिला.

१५ एप्रिल

मोठ्यानं बोललं की यांचं बीपी चढतं, म्हणून इथं लिहिते. चौथीपर्यंतची शाळा. चुकलं तर चुकलं, कोण वाचतंय!

झालं ते एकदा लिहून टाकते. यांना साखर. पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, गोड बंद म्हणजे बंद. आणि शेजारी नसीमबीकडं वलीमा झाला, लग्नाचं जेवण, तिथून पातेलंभर डबल का मीठा आला, पाकातला तुपाळ पाव. मी भाजीला गेलेली. त्रिवेणीनं वाटी भरली, वर साय घातली, यांच्यापुढं ठेवली. का? तर म्हणे, "मोठे भाऊजी लई केविलवाणं बघत होते हो अक्का."

बघू दे की! बघून कुणी मरतंय का? वाटी चाटून खाल्ली यांनी. मग दवाखाना, सलाईन. अंगठा काढायची भाषा चालली होती तिथं. थोडक्यात वाचला.

दवाखान्यातून आल्या आल्या मी दारात उभी राहिले आणि सांगितलं, "परत या उंबऱ्याच्या आत पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

नसीमबीनं कान धरले. "तोबा, ऐसा नक्को बोलो!" बोलले तर बोलले.

तेव्हापासून बया आत आली नाही. वरच शिजवते, वरच खाते.

२३ एप्रिल

आज यांच्याशी बाहेरून बोलत होती. पायाची बोटंसुद्धा उंबऱ्याला लागू देत नाही. नाटकं!

२८ एप्रिल, सोमवार

मोबाइल असा किंचाळला की माझ्या हातातली बशी पडली. सरकारचा इशारा. हे मोठ्यानं वाचतात, मुद्दाम — "पत्र्याच्या शेडखाली कुणी थांबू नये." आणि माझ्याकडं बघतात. मी म्हटलं, मला काय बघता? सरकारलाच सांगा, येऊन उचलून न्या म्हणावं.

वारा आला, पण थोडकाच. पत्र्यावर ठेवलेला एक दगड गडगडत खाली आला तो माझ्या कुरडयांवर. चुरा! मी अंगणातूनच ओरडले, "आता माझ्या डोक्यात दगड घालतीस का?"

वरून उत्तर, "दगड नाही ठेवले तर पत्रे उडून जातेत, अक्का."

"मग पत्र्यासंगं तूबी जा!"

हे जेवायला उठले नाहीत.

२९ एप्रिल

हे बोलत नाहीत. बरं हाय. घरात शांतता.

२ मे

विकास रोज फोन करतोय. मोठं गालीवान येणार म्हणे, गारांचं वादळ. हे हात जोडून म्हणाले, "एक शब्द बोल गं तिला." नवऱ्यानं हात जोडले की मला जास्तच राग येतो. तरी गेले. जिन्याखाली उभी राहून हाक मारली.

"ए त्रिवेणी! वादळ येणार हाय. यायचं तर ये खाली!"

"तुमची शपथ हाय की, अक्का."

"बोलायचं म्हणून बोलतं माणूस!"

"तुम्ही बोलताव. पण मी आत आले आन् तुम्हाला काही झालं, तर मोठ्या भाऊजींना कोण बघंल?"

ऐकलं? माझ्या मरणाचं काही नाही. भाऊजींच्या भाकरीची काळजी! म्हटलं, मर मग तिथंच. दार लावून घेतलं.

६ मे, मंगळवार

परवा रविवारी झालं. आज कुठं हातात पेन धरता येतंय.

गारा म्हणजे लिंबाएवढ्या. वीज गेली. समोरचा गुलमोहर मुळासकट आडवा. खिडकीची काच फुटून आत. मी सगळं विकासनं शिकवलं तसं केलं — मेन स्विच बंद, हे मधल्या खोलीत, अंगावर गादी. मी पण बसले. आणि वर पत्र्याचा असा आवाज की कुणी लोखंड फाडतंय. हे गादीखालून उठायला लागले. "मी जातो वर." त्या पायावर! मी ढकलून बसवलं. म्हटलं, बसा गप. जाते मी. वाचवायला नाही, शिव्या द्यायला जाते.

डोक्यावर परात धरली आणि निघाले. गच्चीवर! जिथं जायचं नाही तिथं. परातीवर गारांचा ताशा. अर्धा जिना रांगत चढले. वर जाऊन बघते तर दार सताड उघडं, बाज भिजलेली, त्रिवेणी नाही. माझ्या डोळ्यांदेखत मोठा पत्रा वर उठला, वाकला, आणि गेला. कागदासारखा.

मी ओरडले तिच्या नावानं. किती ओरडले! घसा बसलाय अजून. उडाली असंच वाटलं मला. मीच म्हटलं होतं ना, जा म्हणून.

उतरताना गारांवर पाय घसरला. परात कुठं, मी कुठं. पाय कडकन वाजला. आणि जिन्याच्या खालून, पाण्याच्या मोटरीशेजारून आवाज —

"अक्का! वादळात कुठं फिरताव?"

तिथं बसली होती. पक्क्या स्लॅबखाली, अंगावर गोधडी, मांडीवर डबा. प्रत्येक वादळात तिथंच बसते म्हणे. विचारलं असतं कुणी, तर सांगितलं असतं म्हणे!

मी पडल्या पडल्या असल्या शिव्या दिल्या की नसीमबीनं ऐकल्या असत्या तर परत कान धरले असते. ती ऐकून घेत बगलेत हात घालून मला ओढत होती. वारा थांबेपर्यंत दोघी मोटरीला टेकून. तिनं डबा उघडला. दशम्या. मी नको म्हटलं. मग खाल्ली.

नसीमबीच्या घरच्यांनी उचलून आत आणलं मला. त्रिवेणी उंबऱ्यापर्यंत आली. तिथंच थांबली.

७ मे

पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. वरची खोली गेली, त्रिवेणी नसीमबीकडं झोपते. स्वयंपाक तिचाच. ताट उंबऱ्याबाहेरून सरकवते, हे लंगडत उचलून आणतात, अर्धी आमटी फरशीवर. मी पलंगावरून दोघांवर ओरडते. आमटीत मीठ कमी हाय, हे पण सांगितलं.

९ मे, शुक्रवार

हे जखमेची पट्टी बदलायला दवाखान्यात गेलेले. मला न्हाणीत जायचं होतं. उठता येईना. किती वेळ दाबून धरलं. शेवटी हाक मारली.

आली. उंबऱ्याबाहेर थांबली. पदर खोचलेला, डोळे माझ्याकडं.

"येऊ का अक्का? का खरंच मरताव?"

मी म्हटलं, "मरते. ये."