आजोबांना रोजचा फोन

५ जुलै
कॉलेजच्या 'नेतृत्व आणि सेवा' उपक्रमात निवड! एकटे राहणाऱ्या एका आजोबांना रोज संध्याकाळी फोन करायचा, दहा मिनिटं गप्पा मारायच्या. महिनाभर नीट जमलं तर गटप्रमुखपद. मॅडम म्हणाल्या, यातून व्यक्तिमत्त्व घडतं. माझं घडलेलंच आहे, फक्त शिक्का बसायचा बाकी आहे.

६ जुलै
नंबर लावला. रिंग जायच्या आत कापला. घाबरलो वगैरे नाही. छाती धडधडली ती जिना चढल्यामुळे. (खोली तळमजल्यावर आहे, पण सकाळी लायब्ररीचा चढलो होतो.)

७ जुलै
मुद्दे काढून ठेवले: तब्येत, हवा, पुन्हा तब्येत. आजोबांनी फोन उचलला आणि माझी दातखीळच बसली. शेवटी त्यांनीच विचारलं, जेवलास का बाळा. मी हो म्हणालो. पुढचं सगळं तेच बोलले. उत्तम श्रोता असणं हाही नेत्याचाच गुण.

१२ जुलै
आता फोन तेच करतात. म्हणजे मी त्यांना स्वावलंबी केलं. ताईला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. तिला नेतृत्वातलं ओ की ठो कळत नाही.

२० जुलै
परीक्षेची भीती वाटते, झोप येत नाही, असं आजोबांना सांगून टाकलं. त्यांनाही कोणाला धीर देण्याची संधी मिळायला हवी.

२६ जुलै, संध्याकाळ
आज फोन नाही. मी लावला. उचलत नाहीत. परत लावला. नाहीच. नको नको ते मनात येतंय. त्यांना काही झालं असेल तर? मला भीती वाटतेय. जिन्याबिन्याची नाही, खरी. निघतो.

२७ जुलै
पत्ता होता म्हणून बरं. धावत गेलो, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ताईची. दार उघडेपर्यंत बेल वाजवतच राहिलो. दार आजोबांनीच उघडलं, डोक्याला टॉवेल. केस कापून आल्यावर अंघोळीला गेले होते. मी दारातच भोकाड पसरलं. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. शेजारच्या काकू डोकावल्या, तेव्हा त्यांना हळूच म्हणाले, हाच तो कॉलेजचा मुलगा, फार एकटा आहे हो.

३१ जुलै
मॅडमनी बोलावलं. उपक्रम सुरू करताना त्यांनी आजोबांना एवढंच विचारलं होतं, आमच्या एका मुलाशी रोज बोलाल का. आजोबांनी आज त्यांना कळवलंय, की पोरगं बरंच सुधारलं, पण इतक्यात मोकळं सोडता येणार नाही, आणखी एक महिना तरी लागेल.