फणस पिकायच्या आत

ती. अक्का,

जे. पी. नगराहून पद्मनाभचा दंडवत. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि दाजींनी गोड खाणं (निदान तुझ्यासमोर) सोडलं असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. टर्पेंटाइनच्या वासाने शिवलीलेचा घसा धरलाय, पण चित्र पुरं झालं की सुटेल, असं मी तिला सांगून ठेवलंय.

तर चित्राविषयी. तुझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला साडी नाही, स्वतः काढलेलं तैलचित्र देईन, असं मी सगळ्या नातेवाइकांसमोर बोलून बसलो आणि दाजींनी त्याच आठवड्यात हॉलमध्ये खिळा ठोकला. आता माघार कुठली? आमच्या सोसायटीत सुखदा मॅडम रविवारी शिकवतात. बाकीची मंडळी लिंबू, सफरचंद असे निरुपद्रवी विषय घेऊन बसली. मी तांब्याची कळशी मांडली आणि तिच्याशेजारी अख्खा फणस. (जन्मभर पूल बांधले, फणसाला काय भ्यायचं!)

अक्का, फणस लांबून एक असतो आणि जवळून असंख्य. वर्गानंतर घरी मी डावीकडून एकेक काटा रंगवायला घेतला. प्रत्येकाला उजेडाची बाजू, सावलीची बाजू आणि वर टोक. निम्म्यावर पोचलो तरी रंग वाळेना, फणस मात्र पिकला. घमघमाट लिफ्टपर्यंत गेला. शेजारचे हयवदनराव ताटली घेऊनच आले. "सार, हलसिन हण्णु? स्वल्प कोडी!" (म्हणजे, फणस ना? थोडा द्या!) फणस चित्रासाठी आहे, कापता येणार नाही, असं मी कन्नडमध्ये नीट समजावलं, त्यांना वाटलं मी कन्नड विसरलो. शेवटी मी अंघोळीला गेलो असताना शिवलीलेने हाताला तेल लावून गरे काढले. निम्मा फणस कॅनव्हासवर राहिला, उरलेला मजल्यावरच्या घराघरांत गेला.

दुसरा फणस मी आनेकलहून बसने, मांडीवर घेऊन आणला. पहिला गोल होता, हा लांबट निघाला. दोन्ही जोडून जे झालं ते पाहून सुखदा मॅडम म्हणाल्या, "काका, ही मगर कळशीतलं पाणी पितेय का?" वर्गात मीही हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला डोळे बारीक करून फणसाकडे बघायला लावलं. "काटे दिसतात?"

"नाही."

"मग जे दिसत नाही ते कशाला काढता?"

घरी येऊन मी सुरी घेतली आणि सगळा रंग खरवडून काढला. (किती जिवावर आलं ते लिहीत नाही.) शिवलीला म्हणाली, "राहू दे हो आता. साडी घेऊ." त्या 'राहू दे'नेच मला परत स्टुलावर बसवलं. या वेळी आधी नुसता काळपट हिरवा गोळा केला, मग त्यावर उजेड, आणि उजेड जिथे सावलीत शिरतो तेवढ्याच काठावर काटे. कळशीचं तोंड पुन्हा पुन्हा पुसलं. अजूनही ती कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखी कलते. कलू दे.

परवा शिवलीला चहा घेऊन आली, कप हातात धरून चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जड वाटतोय. उचलायला दोघं लागतील." अक्का, चहा तिच्याच हातात गार झाला आणि मी मागितला नाही.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
पद्मनाभ

ता. क. : चित्र अजून ओलं आहे. वास्तुशांतीपर्यंत वाळेलसं दिसत नाही.

ता. क. २ : वाळेल. पण मला ते देववत नाही. तूच फोन करून म्हण, की हॉलला फणस शोभत नाही. म्हणजे शब्द मी मोडला असं होणार नाही. साडीचा रंग कळव.

ता. क. ३ : हे वाचून शिवलीला म्हणते, फोनची गरज नाही. तिने कालच फोन करून तुझ्याकडून चित्र आपल्या घरासाठी मागून घेतलं आणि तू लगेच "घे बाई" म्हणालीस. अक्का, थोडा तरी हट्ट करायचास गं!