तक्क्याचे लाल पंजे

प्रिय खलाशीबुवा,

तू इंजिनवाला आहेस, खलाशी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण मला हेच नाव गोड वाटतं, तेव्हा चालवून घे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बरं, बरं, आवाज तुटतोय' म्हणतोस आणि मग तो खरंच तुटतो. पत्र बंदरातल्या तुमच्या ऑफिसात पोचलं की वाचावंच लागेल. सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. मशीनवर गिऱ्हाइकाचे पडदे अर्धवट पडलेत. शिवायला घेतले तर दोरा तुटतो, लिहायला घेतलं तर वाक्य.

आधी तक्क्याचं सांगते, ते सोपं आहे. मागच्या फोनवर तू त्याचं विचारलंस आणि मी 'मजेत आहे' म्हणाले. मजेत नव्हता. तू त्याला माझ्याकडे सोडून बोटीवर गेलास, त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पंजे चाटायला लागला. आधी वाटलं, बुलडॉग असला म्हणून काय झालं, असेल त्यालाही स्वच्छतेची हौस. मग दिवसभर तेच. मी शिवतेय आणि मशीनच्या पायाशी लपालपा हा दुसरा कारखाना चालू. एका दुपारी पंजा उलटा करून पाहिला तर बोटांच्या बेचक्यात लालभडक, पांढरे केस विटकरी झालेले, आणि वास असा की डब्यात विसरलेलं ओलं पीठ आंबलंय. मी माझ्या अकलेनं तेल चोळलं. ते त्यानं चाटलं आणि उरलेल्याचे फरशीवर नकाशे काढले. मग मऊ फ्लॅनेलचे मोजे शिवले, नाड्यांसकट. आता माझं माप कधी चुकतं का? मोजे चपखल बसले. चिखलातून चालणाऱ्या साहेबासारखा पाय उचलत तो घरभर फिरला. संध्याकाळी मोजे काढले तर आतली कातडी ओलसर, सुजलेली, आणि मला तो पंजाला हात लावू देईना.

जनावरांची डॉक्टर तरुण आहे, कमी बोलते. तिनं बेचक्यात चिकटपट्टी दाबली, काचेवर लावून रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवली. शेंगदाण्याच्या आकाराचे जांभळे ठिपके, गर्दी करून बसलेले. म्हणाली, "यीस्ट आहे. बुरशीचाच प्रकार. थोडी सगळ्याच कुत्र्यांच्या कातडीवर असते, ओल मिळाली की माजते. बुलडॉगच्या बोटांत घड्या फार, वारा जात नाही." तेल आणि मोज्यांचं ऐकून तिनं क्षणभर डोळे मिटले, पण रागावली नाही. औषधी शाम्पूनं पंजे धुवायचे, फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुऊन बेचका न् बेचका कोरडा करायचा. बाहेरून आला की पाय पुसायचे. फरशीचं फिनेल बंद. आणि मुळात त्याला कशाची तरी ॲलर्जी असणार, खाण्यातली नाहीतर गवताची. ती सापडेपर्यंत हे दुखणं परत परत डोकं वर काढणार.

ऐकायला सोपं. पण त्या धोंड्याला टबात चढवणार कोण? माझा खांदा तुला माहीत आहे, गुडघ्यांचं तर बोलायलाच नको. पहिल्या खेपेला शेवटी मी टबात आणि तो बाहेर, असा प्रकार झाला. शाम्पू माझ्याच डोळ्यांत गेला. मी टबाच्या काठावर बसून रडले, शाम्पूनं की कशानं, ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात दार वाजलं. दारात सूनबाई. तुम्ही वेगळे राहायला लागल्यापासून मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दवाखान्यात तक्क्याच्या नावापुढे अजून तिचाच नंबर आहे, पुढच्या तपासणीचा फोन तिला गेला. हातात टॉवेलांची चळत आणि ती कामाला जाते त्या सलूनमधला ड्रायर. म्हणाली, "आई, आत येऊ? पंजे बघू द्या त्याचे." मी आठ्या घालून उभी. संसार नको होता तिला, दुकानातच जीव अडकलाय, असं तूच सांगितलं होतंस आणि मी तेच धरून बसले होते. तक्क्यानं मात्र कुणाला विचारलं नाही. माझ्या पायांमधून वाट काढून गेला आणि तिच्या अंगावर असा कोसळला की टॉवेल जिन्यात पडले.

तेव्हापासून ती दर सुट्टीच्या दिवशी येते, मधल्या दिवसांत मी ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करते. तिचा हात बघायला हवास तू. ड्रायर गार हवेवर ठेवून एकेक बोट असं उलगडते, जसं झोपलेल्या तान्ह्याची मूठ सोडवावी. फेस लावला की दहा मिनिटं दोघींना हलता येत नाही, त्याचे पाय धरून बसावं लागतं. माणसं समोरासमोर बसून किती वेळ हवापाण्यावर बोलणार? तुझ्याबद्दल ती वाईट बोलली नाही, याचाच मला आधी राग यायचा. मग एकदा मीच टोचलं, म्हटलं, बोटीवरच्या माणसाशी लग्न करायचं तर वाट बघायची तयारी हवी. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "आई, माझे बाबा गेले तेव्हा त्याला सुट्टी मिळाली होती. कंपनीनं तिकीटही काढलं होतं. त्यानं स्वतःच्या जागी दुसऱ्याला सुट्टीवर पाठवलं आणि मला कळवलं, कंपनी सोडत नाही." मी विचारलं, का गं? "त्याला घरातलं रडणं सोसत नाही. तिकडे इंजिन असतं, बिघडलं तर दुरुस्त होतं." एवढं बोलून तिनं पाण्याचा नळ सोडला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेली भांडी परत पुसली. तुझे बाबा गेले तेव्हाही तू हेच कळवलं होतंस, कंपनी सोडत नाही. तुझ्या काकांनी सगळं केलं. येईल त्याला मी सांगत होते, भर समुद्रातून माणूस येणार कसा, पंख थोडेच आहेत. तेव्हा खरं काय होतं, ते मी विचारत नाही. विचारायचा धीर नाही, असं म्हण. पण तेव्हापासून माझं एका जागी बूड टिकत नाही. खिडकीशी जाते, परत येते, कपाट उघडते, कशाला उघडलं ते आठवत नाही.

तक्क्याचं बरं चाललंय. खाणं बदललं, लाली गेली, बेचक्यात पांढरे केस आलेत. ओल्या गवतातून आला की अजून एखादा पंजा रंग धरतो, पण लगेच धरलं तर आवरतं.

आता मुद्द्याचं. सूनबाई दुसऱ्या गावी स्वतःचं सलून काढतेय. तक्क्याला मागायला आली, पण आडून आडून, कारण कुत्रा तुझा. मी तुला न विचारता हो म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि तुम्ही, आई? मागच्या खोलीत तुमचं मशीन बसेल. मोजून आलेय मी." मी विचार करते म्हणाले आणि तो पायपुसण्यावर उभी असतानाच करून टाकला. या रविवारी आम्ही तिघं जातोय. तू सुट्टीवर येशील आणि दाराला कुलूप दिसेल, तेव्हा घाबरू नकोस, म्हणून हे पत्र. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, आमचा पत्ता पाकिटामागे. तिनं तुला बोलावलेलं नाही आणि मी तिच्यातर्फे काही बोलणार नाही. मी माझ्यापुरतं बोलवते. यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं, तर कंपनीचं नाव पुढे करू नकोस. 'आई, मला यायचं नाही' एवढंच लिही. ते मी वाचेन, दोन दिवस जेवण गोड लागणार नाही, आणि मग तुला उत्तर लिहीन.

रागावले असले तरी तुझीच,
आई