दुसऱ्याच्या घरचा आवाज

५ डिसेंबर, कोहका
मीनू, जावई आणि चार महिन्यांची ओवी अमेरिकेहून आले. पाळण्याजवळ ठेवायचं यंत्र आणलंय. बाळ रडलं की स्वयंपाकघरातल्या डबीत ऐकू येतं. इथे नुसती खरखर. ह्यांचा जन्म स्टील प्लांटच्या टेलिफोन विभागात गेला, त्यामुळे खूश. “तिकडची फ्रिक्वेन्सी इथं मोबाईलवाल्यांची. मागं टॉवर आहे, भांडनारच.” जावई म्हणाले, “बेकार है, पापा. ठेवून द्या.” जावई बाहेर गेल्यावर ह्यांनी चॅनल बदललं. ओवीचा श्वास ऐकू आला. मीनू एवढीशी होती तेव्हा मी छातीला कान लावून ऐकायची.

८ डिसेंबर
दुपारी डबीतून थपडेचा आवाज. मग बाई, तोंड दाबल्यासारखी. ह्यांना विचारलं. “कोनाच्या तरी घरचं घुसून राहिलं. बँड एकच ना.” शाळेत सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याच्या घरातलं ऐकणं पाप. आवाज कमी केला.

९ डिसेंबर
पुन्हा. पट्ट्याचे फटके असावेत. त्या बाईसाठी प्रार्थना केली. मीनू जेवली नाही, गळ्याशी ओढणी गुंडाळून बसली. थंडी वाजते म्हणे.

११ डिसेंबर
आज डोकं आपटल्याचा आवाज डबीतून आणि आमच्याच भिंतीतून, एकदमच.
दार न वाजवता मीनूच्या खोलीत गेले. मीनूचे केस त्याच्या मुठीत, कपाटावर आपटत होता. ओवी रडून निळी. माझ्या हातात सांडशी होती. मारली. दोनदा. भुवई फाटली, रक्त ओवीच्या दुपट्यावर. तिसऱ्यांदा मीनूनेच हात धरला. “सोड आई, मरंल तो.”
तो निघून गेल्यावर म्हणाली, “यंत्र मी रोज मुद्दाम चालू ठेवत होती. त्याले वाटे बिघडलेलं आहे. तुले ऐकू नाही आलं?”
आलं होतं. मी…

१२ डिसेंबर
मीनूचा डावा डोळा उघडत नाही. तो दुर्गच्या हॉटेलात, तिघांचे पासपोर्ट त्याच्याजवळ. फोनवर म्हणाला, “रविवारी एअरपोर्टवर ये. नाही तर ओवीचा पासपोर्ट जाळतो, अन् तुझ्या आईवर केस.”
हे म्हणतात, “जावई आहे, समजुतीनं घेऊ.” माझ्याकडे न बघता.
मी म्हटलं, आधी पोलीस. मीनू म्हणते, “आधी पासपोर्ट. तुले आत टाकलं तर ओवीले कोण पाहील?”
उद्या सकाळी दहाला आम्ही दोघी पासपोर्ट आणायला हॉटेलवर जाणार. ठाणं हॉटेलच्या आधी लागतं. रिक्षा तिथे थांबवायची का, हे मीनूने अजून ठरवलेलं नाही.